गिरजाबाईंच्या नावाला संदर्भ

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. तपासल्याची चिठ्ठी नसलेला पार्ट मी पुढे जाऊ देत नाही, मग सुपरवायझर कितीही आदळआपट करो. हीच खोड मला मराठी विकिपीडियावर घेऊन गेली. कंपनीच्या बसमध्ये बाकीचे पेंगतात, मी मोबाईलवर बिनपुराव्याची वाक्यं हुडकते आणि त्यांच्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण ठोकते. महिनाभरात पुरावा आला नाही, तर वाक्य उडवते. लोक शिव्या देतात. देऊ देत.

त्या दिवशी आमच्या दिघीच्या लेखात एक वाक्य सापडलं: ‘येथील बुद्धविहाराचे वाचनालय १९८३ साली गिरजाबाई ओव्हाळ यांनी सुरू केले.’ गिरजाबाई म्हणजे माझ्या सासूबाई! तरीही मी खूण ठोकलीच. वाक्य कोणी लिहिलं, ते घरी गेल्यावर कळलं.

"नेहा, तुझा संदर्भ हितं बसून मेथी निवडतोय," माझे सासरे कोंडीराम तणतणले. भोसरीत फिटर होते, आता निवृत्त. "इचार की तिला. घरोघर फिरून पुस्तकं तिनंच गोळा केली. तीन वर्षं पुस्तकांची पेटी आपल्या सैपाकघरात व्हती."

"पप्पा, तोंडी चालत नाही. छापलेलं लागतं."

पप्पांनी विहाराचं कपाट उपसलं. महिना संपता संपता त्या गठ्ठ्यात वाचनालयाच्या दहाव्या वर्षाची स्मरणिका माझ्या हाती लागली. मी घाईघाईनं पान उघडलं. ‘वाचनालयाची स्थापना श्री. कोंडीराम ओव्हाळ यांनी केली.’ खाली लेखकाचं नाव: कोंडीराम ओव्हाळ, सचिव.

"पप्पा, हे तर तुम्हीच लिहिलंय."

ते मान वर करेनात. "तवा बाईचं नाव कोण घालत व्हतं? लोकांनी माझं कौतुक केलं, मी करून घेतलं. आता गुपचूप नीट करायला गेलो, तर तू धरलंस."

मला त्यांचा रागही आला आणि मायाही वाटली. "गुपचूप कशाला? जिथं चुकलात तिथंच दुरुस्त करा," मी म्हटलं. आणि लेखातलं वाक्य उडवलं. जिवावर आलं होतं, पण उडवलं.

बुद्धपौर्णिमेला नवी स्मरणिका निघाली. पहिल्याच पानावर चौकट होती: ‘दुरुस्ती. १९९३च्या स्मरणिकेत वाचनालयाचे श्रेय मी स्वतः घेतले. ते माझे नव्हते. वाचनालय गिरजाबाई ओव्हाळ यांनी सुरू केले. — कोंडीराम ओव्हाळ.’

घरचा मामला, म्हणून मी लेखाला हात लावला नाही. विकिपीडियावरच्याच, तळेगावच्या पुनम नावाच्या संपादिकेला दोन्ही पानांचे फोटो पाठवले. तिनं ती ताडून पाहिली आणि वाक्य संदर्भासकट परत घातलं. मी बसमध्ये एकटीच हसत होते.

घरी पप्पांनी मोठ्या तोऱ्यात मोबाईल सासूबाईंपुढे धरला. आईंनी तो बाजूला सारला आणि स्मरणिका मागून घेतली. चष्मा लावून चौकट वाचली, पुन्हा वाचली.

"लग्नपत्रिकेनंतर," त्या म्हणाल्या, "माझं नाव छापलेलं आजच बघतीय."