पिवळा ठिपका

लॉरेटाने बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, “उघड आता. ती का बंद पडली ते मला बघायचंय.”

हार्लनच्या शेडमध्ये त्याचा जुना डिझेल पिकअप उभा होता, म्हणजे जेवढा उरला होता तेवढा. टायर जळून गेले होते, काचा फुटल्या होत्या, मागची पाण्याची टाकी वितळून पत्र्याला चिकटली होती. इंजिन मात्र जागच्या जागी होतं. मार्चमधल्या वणव्यात लॉरेटाचा नवरा ड्वाइट ही गाडी घेऊन गेला होता. गाडी मधेच बंद पडली. ड्वाइट तिच्यापासून थोड्या अंतरावर, कुंपणाच्या तारेशी सापडला.

“अगं, बघून काय करणार आहेस?” हार्लन म्हणाला. “गेलेला माणूस काही परत यायचा नाही.”

“हे तू मला सांगतोस?”

हार्लनने भिंतीवरचा पाना काढला. आत काय सापडणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लॉरेटाला ते कळू नये एवढंच त्याला आता हवं होतं. लग्न त्याने केलंच नव्हतं. दर रविवारी चर्च सुटलं की तो या शेजाऱ्यांच्या, लॉरेटा-ड्वाइटच्या घरी जेवायचा, आणि ते एक दार बंद झालं तर कॅन्ससच्या त्या अख्ख्या माळावर त्याला दुसरं दार नव्हतं.

या जातीच्या गाड्या बैलासारख्या राबतात, याबद्दल तिकडे दुमत नाही. पण त्यांच्या पोटात एक खोड आहे आणि तीही सगळ्यांना माहीत आहे. इंजिनच्या तोंडाशी गिअर असतात, त्यांच्यावर एक कव्हर असतं आणि त्या कव्हराच्या आत करंगळीच्या पेराएवढी एक पोलादी पिन असते. ती नुसती ठोकून बसवलेली. तिला धरून ठेवणारं काहीही नाही. इंजिन थरथरतं तशी पिन वर्षानुवर्षं केसाकेसाने बाहेर सरकते आणि एके दिवशी फिरत्या गिअरमध्ये पडते. मग ते इंजिन भंगारात घालायचं. उपाय मात्र पोरखेळ आहे. कव्हर उतरवायचं, पिन ठोकून आत बसवायची आणि तिच्या तोंडावर लोखंडाची बोटभर पट्टी बोल्टने आवळायची. पट्टी बसली की पिन जन्मभर हलत नाही.

हे काम त्या मुलखात हार्लनच्या शेडमध्येच व्हायचं. हिवाळ्यात कोणी ना कोणी आपली गाडी घेऊन यायचा. दोघे मिळून पंखा, पुली, कव्हर उतरवायचे. दुपारी ज्याची गाडी त्याच्या घरून बीफचं चिली नावाचं तिखट कालवण आणि दालचिनीचे रोल यायचे. काम झालं की हार्लन गुरांवर खुणा करायची पिवळी रंगकांडी घ्यायचा आणि कव्हरावर एक ठिपका काढायचा. ठिपका असला की ती गाडी बिनघोर. जुनी गाडी विकत घेतानासुद्धा माणसं आधी बॉनेट उघडून ठिपका बघायची.

आणि हार्लनची स्वतःची गाडी? दिव्याखाली अंधार, दुसरं काय. हिवाळाभर त्याच गाडीतून गुरांना गवत टाकायचं, मग ती खोलून ठेवणार कधी? हिवाळा सरला की वासरं, मग त्या वासरांना मालकाच्या खुणेच्या डागण्या, डागण्यांनंतर गवतकापणी. माणूस आळशी नव्हता. उलट फार कामसू होता, आणि कामसू माणसाला स्वतःचं काम पुढे ढकलायला दुसऱ्याचं काम आयतंच मिळतं.

एकदा धान्याच्या कोठारापाशी सकाळची कॉफी चालली असताना म्हाताऱ्या एमिलने सगळ्यांदेखत विचारलं होतं, “काय रे हार्लन, गावाच्या पिना ठोकत फिरतोस, तुझ्या गाडीची ठोकलीस का कधी?”

“सगळ्यात आधी तीच केली,” हार्लन म्हणाला.

“मग ठिपका दिसला नाही तो?”

“तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहेत एमिल. तुला तुझी बायको तरी दिसते का?”

“दिसत नाही म्हणून तर संसार टिकलाय बाबा!”

सगळे खो खो हसले. हार्लनही हसला. घरी येऊन त्याने बॉनेट उघडलं आणि रंगकांडीने कव्हरावर ठिपका काढला. पुढच्या आठवड्यात काम करूनच टाकायचं होतं, त्यामुळे हे खोटं बोलणं नव्हे, नुसतं आगाऊ बोलणं, असं त्याने स्वतःला समजावलं. तो पुढचा आठवडा कधी आलाच नाही. ठिपका मात्र रोज जागेवर होता, आणि काही दिवसांनी बॉनेट उघडलं तरी हार्लनला तो दिसेनासा झाला.

वणवा आला त्या दिवशी हार्लनचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. एका बिथरलेल्या गाईने त्याला फाटकावर चेपलं होतं आणि खांदा निखळला होता. नैऋत्येचा वारा इतका की उभं राहवेना, आणि त्या बाजूचं आभाळ मातकट झालेलं. नुकत्याच व्यालेल्या गाई वासरांसकट खालच्या कुरणात होत्या. ड्वाइट आपली गाडी हार्लनच्या अंगणात टाकून पळतच आला आणि थेट हार्लनच्या पिकअपकडे गेला. पाण्याची भरलेली टाकी आणि पंप तिच्यावरच होता.

“तू बस घरात लंगड्या,” तो म्हणाला. “तुझ्या गाई मी सोडतो.”

“लंगडा कसा? खांदा निखळलाय माझा.”

“आज कामाला दोन्ही सारखेच!”

किल्ली गाडीतच होती. तिकडे किल्ल्या गाडीतच असतात. शेजाऱ्याने गाडी मागायची नसते, न्यायची असते. आणि नेणाऱ्याला गाडीची खोड सांगायची नसते, कारण खोड सांगणं म्हणजे नाही म्हणणं, असं तिथली माणसं धरून चालतात. फार चांगली रीत आहे ही. या रीतीपायी किती जणांचे हातपाय मोडले याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

ड्वाइटचा एक पाय पायरीवर होता. हार्लनने तोंड उघडलं. ती नेऊ नकोस, तिची पिन केलेली नाही, ठिपका खोटा आहे. एवढंच बोलायचं होतं. एका दमात झालं असतं.

“तिला जास्त रेटू नकोस,” तो म्हणाला.

“म्हातारीला मी नेहमी प्रेमानेच वागवतो. लॉरेटाला विचार!” ड्वाइट हसला आणि गेला.

तारा तोडून गाई त्याने सोडल्या. बहुतेक सगळ्या वाचल्या. मग वारा फिरला. थंड हवेची लाट उत्तरेकडून आली आणि वणव्याची अख्खी लांब कड अंगावर वळली. असं होतं हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि असं झालं की एकच गोष्ट करायची असते, गाडीत बसून आधीच जळून गेलेल्या जमिनीवर निघून जायचं. ड्वाइट गाडीत बसला होता. ती निघाली होती. चाकांच्या खुणांवरून ते नंतर सगळ्यांनी पाहिलं. खुणा थोड्या पुढे गेल्या होत्या आणि तिथे थांबल्या होत्या.

अंत्यविधीला एमिल म्हणाला, “धुराने इंजिन गुदमरलं असेल. पिनेचं तर नसणारच. हार्लनची गाडी आहे ती.” माणसांनी माना डोलावल्या. शवपेटी उचलायला हार्लनला डाव्या हाताने धरता येईल अशी जागा दिली होती.

आता लॉरेटा बादलीवर बसून बघत होती. हार्लनच्या खांद्यात अजून ताकद नव्हती. तो एका हाताने पाना लावायचा आणि जोर लागेना की ती उठून दोन्ही हातांनी ओढायची. ड्वाइट आणि ती मिळून गाडीचं काम करायचे, त्यामुळे तिला सांगावं लागत नव्हतं. पंख्याचं उरलंसुरलं निघालं. पुली निघाली. मधे एकदा तिने थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून त्याच्यापुढे धरली. हार्लनने ती तशीच बाजूला ठेवली आणि पुढच्या बोल्टला पाना लावला.

कव्हर काळं पडलं होतं. रंगाचा मागमूस नव्हता. वणव्याने ठिपका पुसून टाकला होता. ते बघून हार्लनला आत कुठेतरी बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याची त्याला इतकी किळस आली की हातातला पाना खाली पडला.

“काय झालं?”

“काही नाही. खांदा दुखतोय.”

शेवटचा बोल्ट निघाला आणि कव्हर त्याच्या हातात आलं. बघायला शोधावं लागलंच नाही. दोन गिअरच्या मधे पिन चावलेली, चेपलेली अडकून बसली होती. दातांचे तुकडे तळाशी पडले होते. वर पिनेचं भोक उघडं होतं. पट्टी नव्हती. ती कधी होती याचीही खूण नव्हती.

लॉरेटा उठून त्याच्या बाजूला आली. तिने चष्मा लावला.

“पिन ना ती?”

“हो.”

“म्हणजे धूर नव्हे.”

“नाही.”

ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग सरळ झाली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, “पट्टी लावली होतीस ना तू?”

आवाज अगदी साधा होता. रविवारी आणखी बटाटे वाढू का, असं विचारायची तोच. हार्लनला वाटलं, आता सांगावं. वाटलं म्हणजे जीभ हललीसुद्धा. पण तिच्यामागे त्याला ते स्वयंपाकघर दिसत होतं, खिडकीजवळची आपली खुर्ची दिसत होती. ड्वाइट गेला, आता ही पण गेली तर मग उरलं काय?

“होती,” तो म्हणाला. “तुटली असणार. कधीकधी बोल्ट ढिला होतो. लाखात एखाद्याचा.”

लॉरेटाने मान हलवली. तिने चष्मा काढून ठेवला, कोटाच्या खिशात हात घातला आणि एक रुमाल काढला. रुमालात लोखंडाची बोटभर पट्टी होती. नवी, कडा घासून गुळगुळीत केलेली, एका टोकाला भोक पाडलेलं. सोबत एक बोल्ट.

“ही ड्वाइटने बनवली,” ती म्हणाली. “तुझ्या गाडीसाठी. बरेच दिवस त्याच्या हत्यारांच्या पेटीत होती.”

हार्लनला काही कळेना, आणि मग सगळं कळलं.

“मागच्या वर्षी वासरं डागताना तुझी बॅटरी उतरली होती. त्याने बॉनेट उघडलं तेव्हा त्याला दिसलं. जुन्या ओशट घाणीवर रंग लावलेला. कव्हर कधी हललेलंच नव्हतं. घरी येऊन हसत होता. म्हणाला, चारचौघांत बोललो तर हा लाजेने मरेल. याला एक दिवस मासे धरायला पाठवतो आणि मी गुपचूप करून टाकतो. याला कळणारसुद्धा नाही.”

“त्याला ठाऊक होतं?” हार्लनने विचारलं. “मग ती गाडी त्याने नेली कशाला?”

“तिच्यावर पाणी होतं. आणि खाली तुझ्या गाई होत्या ना.”

शेडच्या पत्र्यावर वारा खडखडत होता. लॉरेटाने बादली सुलटी केली आणि भिंतीला लावून ठेवली, जिथे होती तिथेच.

“तू सांगितलं असतंस तरी तो गेलाच असता,” ती म्हणाली. “त्या गोष्टीचा राग नाही मला. तूही काही मुद्दाम नाही केलंस, तेही कळतं मला. मी एवढंच ऐकायला आले होते की तू म्हणशील, ‘लॉरेटा, मी नव्हती लावली.’ म्हणाला असतास तर मी रविवारी तुझंही ताट मांडणार होते. घरून निघताना तसं ठरवूनच आले होते मी.”

“लॉरेटा, मी…”

“आता नको.”

तिने पट्टी आणि बोल्ट ओट्यावर ठेवला, रुमाल घडी करून खिशात घातला आणि ती गेली. तिच्या गाडीचा आवाज रस्त्याला लागून वाऱ्यात मिसळेपर्यंत हार्लन तिथेच उभा होता. बैल गेला नि झोपा केला, असं लोक म्हणतात. पण त्या म्हणीतल्या माणसाने निदान गोठ्याच्या दाराचा झोपा तरी केला होता. हार्लनच्या वाट्याचा झोपाही ज्याचा जीव गेला त्यानेच करून ठेवला होता.

त्याने पट्टी उचलली. ती हलकी होती. का ते त्याला सांगता आलं नसतं, पण तो मेलेल्या इंजिनपाशी गेला, पट्टी पिनेच्या त्या उघड्या भोकावर धरली आणि बाजूच्या आट्यांत बोल्ट बोटांनी फिरवून घातला.

पट्टी भोकावर बरोबर बसली.