तरंगगुरूंची चकती आणि आत्याचे बुडबुडे

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, मधल्या वाटा भरल्या होत्या, आणि ज्या आजोबांना घरी साध्या स्टुलावर चढायची बंदी असते, ते खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले होते. सगळ्यांच्या माना स्टेजकडे. आणि स्टेजवर, दिव्यांच्या झोतात, उजवा हात आडवा ताठ धरून उभी होती माझी सख्खी आत्या.

"ताई, मोबाईल द्या," तरंगगुरू म्हणाले.

तरंगगुरू म्हणजे दाढी-जटावाले गुरू नव्हेत हं. निळा कोट, चकचकीत बूट, गालाला चिकटलेला माईक. त्यांनी मोबाईल स्वतःच्या हातांनी घेतला, दोन्ही तळव्यांत दाबून डोळे मिटले, कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं आणि तो आत्याच्या डाव्या हातात ठेवला.

"आता मी तुमचा उजवा हात दाबणार. तुम्ही तो खाली जाऊ द्यायचा नाही. नजर माझ्या डोळ्यांत!"

त्यांनी दाबला. आत्याचा हात धपकन खाली.

"बघा! मोबाईलला तुम्ही चार्ज करता असं वाटतं ना? चूक! मोबाईल तुमच्या मेंदूतून चार्ज होतोय!"

हॉलने एकदम श्वास आत घेतला. मग मोबाईल बाजूला गेला आणि आत्याच्या मुठीत आली एक चंदेरी चकती, कोटाच्या बटणाएवढी. गुरूंनी पुन्हा हात दाबला. दात-ओठ खाऊन दाबला, कपाळावरची शीर फुगली. पण आत्याचा हात? जागचा हलेल तर शपथ!

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. आत्या ढसाढसा रडली. माझे बाबा, जे स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही हसलेले नाहीत, तेसुद्धा डोळे पुसत होते.

आता आत्या का रडली ते सांगते. माझी आत्या शिवणकाम करते. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान आहे. तिच्या हातचा ब्लाऊज घालून बाई आरशासमोर उभी राहिली की आरशालाच बरं वाटतं, असं आई म्हणते. पण मधल्या काळात आत्याला मोबाईलवरचा बुडबुडे फोडायचा खेळ लागला. रंगीत बुडबुडे वरून येतात, एका रंगाचे जुळवले की फुटतात, आणि मधूनच एखादा सोनेरी येतो. बस, एवढंच! पण आत्या जेवताना बुडबुडे, बोलताना बुडबुडे, मशीनवर पाय चालू आणि डोळे बुडबुड्यांत. एकदा सुई बोटातून आरपार गेली. आमच्या शाळेच्या नाटकातल्या राजाचा झगा तिने शिवला, त्याला दोन्ही बाह्या डाव्या. राजाने अख्खं नाटक एक हात पाठीमागे लपवून केलं. लोकांना तो फार रुबाबदार वाटला, ते सोडा. पण हळूहळू बायका शेजारच्या गल्लीतल्या दुकानात जायला लागल्या आणि आत्याने त्यांच्याकडे बघणंही सोडलं.

शेवटी आईच तिला दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. आत्या दर गुरुवारी जायला लागली होती आणि थोडं थोडं बरं वाटतंय असं म्हणायलाही लागली होती. तेवढ्यात हे तरंगगुरू उगवले!

"तिथे नुसत्या गप्पा मारतात हो," आत्या त्या संध्याकाळी म्हणाली. "हे एका झटक्यात! आणि गुरूंनी बजावलंय, समुपदेशन आणि चकती एकत्र चालत नाही. तरंग एकमेकांना कापतात."

"वा! म्हणजे चकतीला गप्पांची ॲलर्जी आहे?" मी म्हणाले.

"कार्टे, प्रत्येक गोष्टीची थट्टा करू नये."

आणि गंमत म्हणजे चकती चालली की! मोबाईलच्या पाठीवर ती चिकटवली आणि आत्याने खेळ उघडला नाही. घरभर आनंद. बाबा तिला "काय ताई, झालीस ना मोकळी" म्हणत होते, गिऱ्हाइकं चकती बघायला येत होती. आत्याने समुपदेशक बाईंना फोन करून कळवून टाकलं, आता मी येणार नाही.

पुढच्याच आठवड्यात मी अस्तराचं कापड आणायला कपाटामागे गेले, तर आत्या तिथे गठ्ठ्यांच्या आड उकिडवी बसलेली. चेहऱ्यावर निळा-हिरवा उजेड. टप्, टप्, टप्.

मला बघून ती इतकी दचकली की मलाच वाईट वाटलं.

"कुणाला सांगू नकोस गं," ती म्हणाली. "चकतीचा दोष नाही. मी फोन केला होता गुरूंच्या माणसाला. तो म्हणाला, सगळ्यांना गुण येतो. ज्याच्या मनातच खोट असते त्याला येत नाही. माझ्याच मनात खोट आहे."

"मग आपण गुरुवारी बाईंकडे जाऊया?"

"आता काय तोंड घेऊन जाऊ? आणि काय उपयोग? ज्याला चमत्कारानेसुद्धा गुण येत नाही, त्याला गप्पांनी येणार आहे का?"

माझं डोकं सणकलं. गुरूंनी चकती विकली, ते ठीक. पण माझ्या आत्याला त्यांनी पटवून दिलं होतं की बिघाड तिच्यातच आहे, दुरुस्त न होणारा. त्या चकतीचा छडा लावल्याशिवाय आत्या दवाखान्याची पायरी चढणार नव्हती, हे मला स्वच्छ दिसलं.

मी बाबांना स्वयंपाकघरात उभं केलं. एका हातात मोबाईल, दुसरा आडवा. मी दंडाशी दाबला. हात खाली येईना. जागा बदलून, मनगटाशी दाबला. हात झपकन खाली!

"अगं, तरंग आले वाटतं," बाबा म्हणाले.

"तरंग नाही बाबा, तरफ! आत्ताच शिकलोय शाळेत. दाराला बिजागरीजवळ ढकललं तर जोर लागतो, कडीजवळ ढकललं तर करंगळीनेही हलतं. तुमचा खांदा म्हणजे बिजागरी. मनगट म्हणजे कडी."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना पहिल्यांदाच कळलं की शाळेची फी वाया जात नाहीये. पण लगेच म्हणाले, "गुरू तसंच करतात हे सिद्ध कसं करणार? ते तर डोळ्यांत बघायला लावतात."

खरंच. दाबताना त्यांचं बोट कुठे असतं हे ज्याचा हात त्यालाही कळत नाही आणि लोक तर त्यांच्या कपाळावरची शीर बघत असतात. मी दुकानात येरझाऱ्या घालत होते. टेबलावर आत्याचा खडू पडला होता, कापडावर खुणा करायचा. मी तो बोटांवर घासला, माझ्या शाळेच्या गडद निळ्या स्वेटरची बाही धरली आणि सोडली. पांढरी बोटं उमटली. झकास!

पुढच्या रविवारी सकाळी मी आत्याला ओढत हॉलमध्ये नेलं. "जास्त पॉवरची चकती बघू तरी," असं सांगून. तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि "कुणाला अनुभव घ्यायचाय?" असं गुरूंनी विचारताच मी जवळजवळ खुर्चीवरच उभी राहिले. अंगात शाळेचा निळा स्वेटर होता आणि माझ्या मोबाईलच्या कव्हरला खडूची पूड मनसोक्त चोळलेली होती.

"ये बाळा. बघा, कोवळी पिढी! हिच्या मेंदूचा तर भुगा झाला असणार."

"हो ना काका, गणितात जाणवतो."

लोक हसले. गुरूंनी माझा मोबाईल तळव्यांत दाबला, कडू तोंड केलं, डाव्या हातात दिला. डोळ्यांत बघ म्हणाले. मी बघितलं. हात दाबला, धपकन खाली. मग चकती. पुन्हा दाबला. माझा हात अगदी लोखंडी. टाळ्या सुरू झाल्या, आणि मी माझी निळी बाही वर धरून ओरडले, "आत्या! तू शिवणारी आहेस. या बाहीवर काय दिसतंय ते जरा वाचून सांग!"

आत्या गोंधळली, पण समोर बाही धरल्यावर तिच्यातली शिंपीण गप्प बसते होय? ती पुढे आली. तिने बाही ताणली, उजेडाकडे केली.

"ही बोटं कफावर. मनगटाशी," ती म्हणाली. मग तिची नजर वर सरकली. "आणि ही... ही कोपराच्याही वर आहेत. दंडावर. बोटं तीच आहेत, अंगठाही तसाच रुंद."

"पहिल्यांदा मोबाईल होता तेव्हा मनगट. चकती होती तेव्हा दंड. आता तू दाब. मी पुन्हा मोबाईल धरते, पण तू दंडावर दाब."

आत्याने दाबलं. हात हलला नाही.

"आता चकती धरते. मनगटावर दाब."

हात धपकन खाली!

 मग खिडकीच्या कट्ट्यावरचे एक आजोबा शेजाऱ्याचा हात धरून दाबायला लागले, त्याच्या शेजारी दुसरे, आणि बघता बघता अख्खा हॉल एकमेकांचे हात खाली-वर करू लागला.

"हॉलमध्ये शंकेचे तरंग फार झालेत," तरंगगुरू म्हणाले, "आज प्रयोग शक्य नाही." आणि निळा कोट मागच्या दाराने गेला. सगळेच शहाणे झाले असं समजू नका. एक बाई जाता जाता मला म्हणाल्या, "तरी पण गं, चकती जवळ असलेली बरी!"

मी विजयी वीरासारखी बाहेर पडले, तर आत्या पायऱ्यांवर बसलेली. हसत नव्हती.

"चकती खोटी निघाली," ती म्हणाली. "पण माझा खेळ खरा आहे ना गं. त्याचं काय?"

 तरफेच्या धड्यात याचं उत्तर दिलेलं नाही. मी म्हटलं, "ज्यांना माहीत आहे त्यांना विचारू."

गुरुवारी आम्ही गेलो. आत्याने मला आत बोलावून घेतलं. बाईंनी पहिलं वाक्य म्हटलं, "आलात, बरं वाटलं." ओरडल्या नाहीत, टोमणाही नाही. आत्याने चकतीचं सगळं सांगितलं.

"सुरुवातीला खेळ सुटला तो खराच," बाई म्हणाल्या. "नवी आशा होती, घरातले कौतुकाने बघत होते. त्यावर माणूस काही दिवस निभावतो. पुन्हा खेळलात म्हणजे मनात खोट आहे असं नाही. बरं होताना असं घसरणं पुष्कळांना होतं. घसरलो कुठे, ते बघायचं."

"पण ही दारू थोडीच आहे? नुसता खेळ," आत्या पुटपुटली.

"नुसतं खूप खेळणं म्हणजे व्यसन नव्हे. पण थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, कामाचं नुकसान दिसतंय तरी हात तिकडेच जातो, तेव्हा खेळाचंही व्यसन झालेलं असू शकतं. तो सोनेरी बुडबुडा दर वेळी आला असता ना, तर तुम्ही कंटाळला असता. कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून मेंदू वाट बघत राहतो. खेळ बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं."

म्हणजे तिथेही एक हातचलाखी होती तर! मी खुर्चीतच उडाले.

"आता सांगा," बाईंनी विचारलं, "ओढ सगळ्यात जास्त कधी लागते?"

आत्याने पदराचा काठ चुरगळला. मग म्हणाली, "बाई पडद्याआड कपडा घालून बघायला जाते ना, तेव्हा. आता बाहेर येऊन म्हणेल, नीट बसला नाही. हल्ली जवळचं अंधुक दिसतं मला. कुणाला सांगितलं नाही. पडदा उघडेपर्यंत छातीत धडधडतं. हातात बुडबुडे असले की धडधडत नाही."

 आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत ती एवढं घाबरत होती आणि आम्ही सगळे तिच्या मोबाईलवर चिडत होतो.

बाईंनी चमत्कार वगैरे काही केला नाही. चष्म्याचा नंबर काढायला सांगितला. खेळ काढून टाकायचा, दुकानाच्या वेळात मोबाईल आईकडे. ओढ आली की तिच्याशी झटापट करायची नाही. ती चढते तशी उतरतेही, तेवढा वेळ हाताला काज-बटणाचं काम द्यायचं. धडधडलं तर आम्हाला सांगायचं, आणि आम्ही टोमणे मारायचे नाहीत. आणि गुरुवार चुकवायचा नाही, पुन्हा खेळलात तरी.

आत्या अजून पूर्ण बरी झालेली नाही. मध्ये एकदा तिने खेळ पुन्हा घेतला, पण या वेळी कपाटामागे लपली नाही, रात्रीच्या जेवणाला स्वतःच सांगितलं.

काल शाळेतून आले तेव्हा एक बाई पडद्याआड होत्या. आत्या नवा चष्मा लावून मशीनपाशी बसली होती, हातात बटण. तिने सुई खाली ठेवली आणि पडद्याकडे बघून मोठ्याने विचारलं, "काय हो, कसा बसलाय?"

"काखेत जरा घट्ट होतोय!" आतून आवाज आला.

"या बाहेर, बघू," आत्या म्हणाली. "उसवून देते."

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर त्याला एका झटक्यात बरं करणाऱ्यांपासून दूर ठेवा. कुणी चमत्कार दाखवला तर त्याचा हात कुठे आहे ते बघा. आणि आपल्या माणसाला शरम वाटायला लावू नका, ज्यांनी याचं शिक्षण घेतलंय त्यांच्याकडे घेऊन जा. बरं व्हायला वेळ लागतो. लागू द्या.