सलूनमधला गोरामी

टाकीतल्या त्या पट्टेवाल्या माशांकडे नका बघू, त्यांच्याकडे सगळेच बघतात. जरा खाली वाका. मोटरच्या मागे, जिथं काच हिरवी झालीय, तिथं. हां, तोच. मी गोरामी बोलतोय. अंगावर मोत्यांसारखे ठिपके म्हणून दुकानात मला मोती गोरामी म्हणायचे. आता ते ठिपकेही फिके पडलेत.

माझा जन्म बुडबुड्यांच्या घरट्यात झाला. आमच्यात घरटं बाप बांधतो. वर जाऊन तोंडात हवा घ्यायची, एकेक बुडबुडा पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटवायचा आणि त्यात अंडी सांभाळायची. वरच्या हवेशिवाय आमचं भागतच नाही. मासे असलो तरी अधूनमधून वर येऊन घोट घ्यावा लागतो, नाहीतर जीव गुदमरतो. शिवाय आमच्या पोटाखाली दोन लांब दोऱ्यासारखे अवयव असतात. माणसं त्यांना मिशा म्हणतात. आमचे ते हात आहेत. समोर कोण आहे, आपलं की परकं, हे आम्ही त्यांनीच चाचपून ओळखतो.

सलूनच्या मालकांनी मला आणि माझ्या जोडीदारणीला एकाच पिशवीतून आणलं. मासेवाल्याने बजावलं होतं, "लाजाळू जात आहे, साहेब. झाडं भरपूर लावा, पाणी शांत ठेवा. सोबतीला तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश चालतील. चपळ, टोचणारे मासे चुकूनही नकोत." पण मालक त्या वेळी त्याच्याच डोक्यातल्या कोंड्यावर त्याला उपाय सांगत होते. मालक ऐकत नाहीत, बोलतात. त्यांचा धंदाच तो.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. वाईट असते तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. खुर्चीतलं गिऱ्हाईक गप्प बसलं की मालकांची कात्री अडखळते. "काय, घरी सगळं ठीक ना?" इथून सुरुवात होते आणि मान पुसेपर्यंत त्याच्या सासरच्या भांडणाचाही निकाल लागलेला असतो. गप्प आहे म्हणजे दुःखी आहे, अशी त्यांची पक्की समजूत. तीच त्यांनी आम्हाला लावली.

सुरुवातीचे दिवस मात्र सुखाचे होते. पडद्यापलीकडे मालकीणबाईंचं पार्लर आहे. त्यांनी हौसेने टाकीत झाडं लावली, पाण्यावर तरंगणारी पानं सोडली. त्या पानांखाली मी घरटं बांधायला घेतलं. जोडीदारीण समोर येऊन थांबायची आणि आपल्या हातांनी माझे हात चाचपायची. आमच्यात याहून जास्त बोलणं नसतं. लागतही नाही.

पण बाकावर नंबर लावून बसलेले लोक कंटाळायचे. "टाकी रिकामीच ठेवलीय वाटतं?" समोरचे चष्मेवाले काका दर वेळी विचारायचे.

"आहेत हो, लपलेत. बुजरे आहेत जरा," मालक ओशाळून म्हणायचे आणि काचेवर कंगवा वाजवून आम्हाला बोलवायचे. आम्ही आणखी आत शिरायचो.

शेवटी एकदा त्यांनी वस्तरा पुसता पुसता जाहीर केलं, "यांना सोबत पाहिजे. चार बोलकी मंडळी आली की बघा कसे खुलतात."

ती बोलकी मंडळी म्हणजे हे पट्टेवाले बार्ब मासे. त्यांचाही स्वभाव त्यांच्यापाशी. दिवसभर हुंदडायचं आणि काही लोंबताना दिसलं की त्याला तोंड घालायचं. आल्या आल्याच त्यांनी माझ्या एका हाताचं टोक तोडलं. मग दुसऱ्याचं. घरटं तर त्यांच्या धावपळीत कधी विस्कटलं ते कळलंही नाही.

"अहो, ते मिशा तोडतायत त्यांच्या. वेगळे ठेवा ना," मालकीणबाई म्हणाल्या.

"चेष्टामस्करी चालायचीच गं. रुळतील हळूहळू. आपणही या गल्लीत नवीन होतोच की."

हळूहळू माझे दोन्ही हात मुळापासून गेले. चष्मेवाल्या काकांच्या नजरेतून ते बरं सुटेल! "काय मालक, माशालाही सोडलं नाहीत? याचीही मिशी उतरवलीत!" सगळं सलून हसलं. मालकही हसले. मालकीणबाई तेवढ्या पडदा ओढून आत गेल्या.

माझी जोडीदारीण माझ्याहून भित्री होती. हवेसाठी वर निघाली की पट्टेवाले तिच्या मागे लागायचे, तिचे पंख ओढायचे. ती अर्ध्यातून परत फिरायची. मग तिने वर जायचंच सोडलं. मोटरच्या मागे बसून राहायची. मी तिच्याजवळ जायचो, पण तिला चाचपायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मी जवळ आहे हे तिला कळत होतं की नाही, ते मला अजून ठाऊक नाही.

एका सकाळी मालकांनी शटर उघडलं तेव्हा ती पाण्यावर आली होती. पोट वर करून.

"अबोल होती बिचारी. मनातच कुढली असेल," मालक म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं.

"बुडून मेली हो ती. वर येऊच दिलं नाही तिला कोणी," मालकीणबाई म्हणाल्या.

"मासा कधी बुडतो का?" मालकांनी विचारलं, आणि कधी नव्हे ते उत्तरासाठी थांबले. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. "या या, बसा!"

त्यानंतर मी इथंच असतो. मला अन्न नको वाटतं, उजेड नको वाटतो. हवेसाठी मात्र वर जातो. का जातो, कोण जाणे. शरीर ऐकत नाही.

आज दुपारी मालक हसतमुखाने बाहेरून आले. "अगं, एकटा पडलाय ना तो, म्हणून जोडीदारीण आणली त्याला!" पडद्याआड ड्रायर घोंघावत होता, मालकीणबाईंना काही ऐकू गेलं नाही. मालकांनी पाण्याची पिशवी टाकीत तरंगत ठेवली. पाण्याची सवय झाली की सोडतात, ही त्यांची पद्धत. मग ते खुर्चीकडे वळले आणि बोलू लागले.

पिशवीत ती आहे. कोवळी, ठिपक्यांची, दोन्ही हात शाबूत असलेली. पट्टेवाले पिशवीला बाहेरून धडका देतायत. ती मागे सरली आणि मग तिला मी दिसलो. तिने हात पुढे केले. पिशवीच्या आतून, माझ्या दिशेने, ती चाचपतेय. मी काय पुढे करू?

तुम्ही नंबर लावून बसला आहात, तुमच्याकडे वेळ आहे. तुमचं बोलणं मालकांना ऐकू जातं. हातातलं गिऱ्हाईक उरकायच्या आत त्यांना एवढंच सांगा, पिशवीची गाठ सोडू नका.