गदी आणि गादी

मित्रांनो, नल्लकुंट्यातील एका निवारागृहाच्या मागच्या खोलीत पसरलेली मी एक जुनी कापसाची गादी आहे. माझा जन्म बेगम बाजारालगतच्या एका अरुंद गल्लीत झाला. पिंजाऱ्याने तारेवर कापूस पिंजला, तेव्हा शरदातले शुभ्र मेघच त्या अंधाऱ्या दुकानात उतरल्यासारखे वाटले. त्या टणत्काराच्या नादातून मला देह लाभला, जाड सुताचे टाके पडले आणि मी येथे आले.

प्रारंभी माझे कौतुक झाले. पुढे मी चपटी झाले, एक कोपरा उसवला, अंगाला कुबट वास येऊ लागला. मला उन्हात न्यावे, असे कोणाच्या मनात येईना. तरीही नव्या पाठीचा भार अंगावर आला की मी विस्मयाने स्तब्ध होते. ज्याला या नगरीत कोणी ओळखत नाही, असा मनुष्य डोळे मिटून स्वतःला माझ्या स्वाधीन करतो. एवढा विश्वास तो कोठून आणतो, हे मला आजही उमगलेले नाही.

एका सायंकाळी पद्मावती आली. परभणीकडून बांधकामाच्या कामासाठी या तेलुगू शहरात आलेली, कडेवर तापाने मलूल झालेली तिची लहानगी लेक राणी. दिलसुखनगरामागे ती भाड्याने राहत होती, ते घर खचले आणि तेथील सर्वांना बाहेर काढण्यात आले होते. सरकारी घरासाठी तिने अर्ज केला होता. ती कोठे राहते, हे पाहण्यास अधिकारी दुसऱ्याच दिवशी येणार होते. राहण्याचे ठिकाणच उरले नाही, तर तिचे नाव वगळले जाणार होते.

निवारागृहाच्या व्यवस्थापिका यादम्मा यांनी या खोलीकडे बोट दाखवले आणि प्रसन्न मुखाने म्हटले, "अम्मा, गदी उंदी."

पद्मावतीने माझ्याकडे पाहिले, राणीला छातीशी घट्ट धरले आणि ती आल्या पावली वळली. यादम्मा चकित होऊन पाहतच राहिल्या. दाराशी वृद्ध रखवालदार लक्ष्मणराव बसले होते. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच ताटात वाढल्या जात. त्यांनी तिला थांबवून कारण विचारले.

"गादीत उंदीर हायत म्हनल्या की बाई. लेकराचे कान कुरतडतील, काका. त्यापरीस फलाटावर बसते."

लक्ष्मणरावांना हसू आवरेना. "अगं, तेलुगूत गदी म्हणजे खोली, उंदी म्हणजे आहे. खोली आहे, एवढंच सांगितलं त्यांनी. उंदीर तुझ्याच कानात शिरलाय, लेकी."

"मग सरळ बोलाया काय झालं त्यान्ला?"

"सरळच बोलल्या त्या. तू मराठीत ऐकलंस."

लक्ष्मणरावांनी हा घोटाळा तेलुगूत सांगितला, तशा यादम्मा पदर तोंडाला लावून हसल्या. मग मात्र गंभीर होऊन त्या गुडघ्यांवर बसल्या आणि पद्मावतीची खात्री पटावी म्हणून त्यांनी मला उचलून दोन्ही बाजूंनी दाखवले, उसवलेल्या कोपऱ्यात हातही घातला. कोणा परक्या स्त्रीचे भय घालवण्यासाठी एवढा मान कोणी देत असेल, हे मी प्रथमच पाहिले. पद्मावतीने राणीला माझ्यावर निजवले. त्या तापलेल्या इवल्या देहाचा श्वास हळूहळू संथ होत गेला आणि मला माझ्या जन्माचे प्रयोजन कळले.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. लक्ष्मणरावांनी त्यांना थेट या खोलीपर्यंत आणले. ही माता आणि तिचे बालक येथे राहतात, हे यादम्मांनी सांगितले. नाव टिकले. पावसाळा सरल्यावर शहराच्या कडेला पद्मावतीला दोन खोल्यांचे घर मिळाले.

निघण्याच्या सकाळी तिने मला गच्चीवर नेले, ऊन दाखवले, काठीने झोडपून धूळ काढली. उसवलेला कोपरा शिवायला बसली, तेव्हा यादम्मांनी खुणेनेच तिला राहू दे म्हटले. पद्मावती लक्ष्मणरावांकडे वळून म्हणाली, "सांगा त्यान्ला. म्हागून जे कुनी येईल, त्याच्या पाठीला गाठ रुतू नये."

तिने टाका घट्ट ओढला आणि दोरा दातांनी तोडला.

मित्रांनो, तुमच्या घरी पाहुण्यांसाठी ठेवलेले अंथरूण असेल, तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा, उसवलेल्या जागी वेळेवर टाके घाला. कोण येणार, हे ठाऊक नसतानाही ते सज्ज असू द्या. मी पुन्हा माझ्या खोलीत आले आहे आणि दाराशी लक्ष्मणराव कोणाला तरी आत बोलावत आहेत. पावले उंबऱ्याशी आली आहेत, आणि सकाळच्या उन्हाने माझे अंग अजून उबदार आहे.