लेलंडच्या पिस्तुलातला बोल्ट

ड्वेन हसत माझ्या टेबलाशी आला तेव्हाच मी ओळखलं, स्वारी काहीतरी उकळायला आलीय. ओहायोतल्या बंदुकांच्या प्रदर्शनांत आम्ही दोघं जुनी जपानी पिस्तुलं घेऊन बसतो. त्याला मी चांगली ओळखून आहे.

"मॅक्सीनबाई, नशीब उघडलं तुझं!" म्हणत त्यानं एक नांबू पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं.

मी उचललं. उजव्या अंगाला त्यांच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष कोरलेलं, अठरा. म्हणजे आपलं एकोणीसशे त्रेचाळीस. निळसर झिलई मूळची, कुणी पॉलिश मारून वाट लावलेली नाही. पण बोल्टवरचे, म्हणजे आतल्या मागेपुढे सरकणाऱ्या दांड्यावरचे, आकडे पिस्तुलाच्या नंबराशी जुळेनात. ते आकडे मला तोंडपाठ होते. माझ्या टेबलावरच ठेवलेल्या बाबांच्या पिस्तुलाचे होते!

म्हणजे हे लेलंडकाकांचं. ते आणि बाबा दुसऱ्या महायुद्धात जपान्यांशी एकाच पलटणीत लढले आणि एकेक नांबू घेऊन घरी आले. दर ऑगस्टला आमच्या स्वयंपाकघरात बिअर पीत दोघं पिस्तुलं खोलून साफ करायचे. एका वर्षी जोडताना बोल्टची अदलाबदल झाली. लक्षात आलं तेव्हा लेलंडकाका म्हणाले, "राहू दे रे. तुझं काहीतरी माझ्याकडे, माझं तुझ्याकडे." तेव्हापासून कुणी ते परत बदलले नाहीत. आता दोघंही नाहीत.

"लेलंडच्या नातवानं विकलं मला," ड्वेन म्हणाला. "तुझं पिस्तूल शंभरदा बघितलंय, म्हणून आकडे ओळखले. बोल्ट बदलून टाकू. सगळं जुळलं की दोन्ही पिस्तुलांचा भाव दुप्पट!"

"नाही."

"अगं, फुकटात दुप्पट!"

"कळलं मला. नाही म्हटलं ना?"

शेजारच्या टेबलावरून माझा भाऊ रॉय धावत आला. "मॅक्सी, डोकं फिरलंय का तुझं? एका मिनिटाचं काम आहे."

"मग पुढच्या मिनिटाला हा लेलंडकाकांचं पिस्तूल टेक्सासला विकून मोकळा! हात तर लावून बघ माझ्या टेबलाला."

ड्वेनचा चेहरा उतरला. "बोल्ट दिला नाहीस तर हे भंगारच की."

"भंगारच. ह्याला बांधलेली ही चिठ्ठी तूच लावलीस ना, आकडे जुळत नाहीत, सहाशे डॉलर म्हणून? हे घे सहाशे."

"छट्! जोडीचे हजारो येतील."

"जोडी होतेय कुठे? माझा बोल्ट तुला जन्मात मिळायचा नाही. बस वाट बघत."

तो मला शिव्या घालत राहिला, मी पर्स उघडी धरून उभी. शेवटी त्यानं नोटा ओढून घेतल्या. कागदपत्रं झाली आणि पिस्तूल माझं झालं.

रॉय खूश झाला. "च्यायला, फसवलंस की त्याला! आण, बदलतो बोल्ट."

"खबरदार!"

"आता का? दोन्ही तुझीच आहेत ना?"

"माझी कसली? बाबांची आणि लेलंडकाकांची आहेत. त्यांनी ठेवली तशीच राहतील."

"अर्धा भाव जातोय, बाई!"

"जाऊ दे," मी म्हणाले आणि दोन्ही पिस्तुलं शेजारी शेजारी मांडली. दुपारी एक गिऱ्हाईक वाकून बघायला लागलं. "आकडे जुळत नाहीत वाटतं?"

"नाही जुळत," मी म्हणाले. "आणि विकायचीही नाहीत. बघायचं असेल तर आधी हात पुसा."