कुणी आडवं येत नाही

जुलैच्या पहिल्या सोमवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक मात्सुकुमा यांनी फुकाहोरी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं आणि टेबलावरून एक पाकीट पुढे सरकवलं.

“उपमुख्याध्यापकाच्या परीक्षेचा अर्ज आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत माझ्याकडे यायला हवा. गेली दोन वर्षं तुम्ही ‘बघते’ म्हणून नेलात आणि कोरा परत आणलात. यंदा तसं करू नका.”

“सर, घरी सासूबाई आहेत.”

“ठाऊक आहे. सगळ्यांच्याच घरी कुणी ना कुणी असतं. माझीही आई अकरा वर्षं अंथरुणाला होती.” मग ते खरं तेच बोलले. “अर्थात, तिचं सगळं माझ्या बायकोनं केलं. मी तेव्हा उपमुख्याध्यापक, सकाळी साडेसहाला शाळा उघडायला यायचो.”

बाईंनी पाकीट पिशवीत ठेवलं.

“आणखी एक. ती तुमची वाचनालयाशेजारची खोली. एप्रिलमध्ये मी निवृत्त होतोय. नवीन येणारे साहेब ती चालू ठेवतील असं सांगता येत नाही. तिथं जुनी बाकं ठेवायला जागा होईल, असं आत्ताच लोक बोलायला लागलेत.”

त्या खोलीत सात मुलं येऊन बसत. वर्गाच्या दाराशी आली की ज्यांचे पाय थिजतात, पोटात कळ येते, अशी ही मुलं. चिनात्सु फुकाहोरी बाईंनी तीन वर्षांपूर्वी भांडून ती खोली मिळवली होती. त्यातली एक मुलगी चार महिने एक अक्षर बोलली नाही. मग एक दिवस दप्तर आवरता आवरता तिनं विचारलं, “बाई, उद्यापण उघडी असेल ना?” बाईंना उपमुख्याध्यापक का व्हायचं होतं, हे कुणी विचारलं असतं तर त्यांनी हे वाक्य सांगितलं असतं. पण आजवर कुणी विचारलं नव्हतं.

घर नागासाकीतल्या चढावरच्या वस्तीत, रस्त्यापासून एकशे बारा पायऱ्या वर. गाडी काही तिथवर येत नाही. सासूबाई शिगे वय वर्षं ब्याऐंशी, आणि गेल्या चार वर्षांत त्यांचं डोकं हळूहळू मागे मागे गेलेलं. तरुणपणी त्या टोपलीतून मासळी घेऊन याच पायऱ्या चढत, दारोदार विकत. आता कधी चिनात्सुला सून म्हणत, कधी गिऱ्हाईक.

चिनात्सुचा दिवस साडेचारला सुरू होई. भात, जव-सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोचं सूप, नवऱ्याचा आणि मुलीचा डबा, सासूबाईंची पेज. मग त्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं, एकेक पायरी करत खाली उतरवणं. वृद्धांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राची गाडी खालच्या रस्त्यावर साडेआठला येई. शाळा भरायची त्याच्या आधीच. म्हणून ती आपल्या हक्काच्या रजेतून रोज तासभर कापून घेई, आणि उशिरा आल्याबद्दल रोज शिक्षकांच्या खोलीत वाकून माफी मागे. ती रजाही आता संपत आली होती. शाळा उघडायला साडेसहाला हजर राहणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मंगळवारी रात्रीच्या जेवणाला तिनं नवऱ्यापुढे विषय काढला. तात्सुरो जहाजांच्या कारखान्यात आराखडे काढायचा. सव्वीस वर्षं एकाच टेबलावर. शांत माणूस, आवाज म्हणून कधी चढवला नाही.

“सरांनी पुन्हा अर्ज दिलाय.”

“हो का? छानच की. तुला वाटेल तसं कर. मी आडवा येणार नाही.”

“पण सकाळी आईंना खाली कोण उतरवणार?”

“ते बघ तू कसं जमतं ते. तुझं गणित तुलाच कळतं बाई.” त्यानं माशाचा काटा बाजूला काढला. “झेपणार नसेल तर नको करू. कुणी काही म्हणणार नाही.”

मुलगी कोतोने सतरा वर्षांची, कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेच्या मागे लागलेली. ती वाटीवरून नजर न उचलता म्हणाली, “आई आत्ताच मेल्यासारखी दिसते. साडेसहाला गेली तर दिसणारच नाही.”

“आपण तुझ्या परीक्षेनंतर बघू,” चिनात्सु म्हणाली. हे ‘नंतर’ ती सतरा वर्षं म्हणत आली होती.

बुधवारी त्या न बोलणाऱ्या मुलीची आई शाळेत भेटायला येणार होती. दोनदा वेळ देऊन ती आली नव्हती. या वेळी नक्की येते म्हणाली होती. चिनात्सुनं नवऱ्याला विनवलं, “आज एकच दिवस चारला घरी या. सव्वाचारला गाडी येते. आईंना वर आणा, इतकंच.”

“येतो,” तो म्हणाला.

भेट सुरू झाली तेव्हा तिनं फोन पिशवीत टाकला. समोरची बाई आधी गप्प, मग रडवेली, मग अडीच वर्षांचं साचलेलं बोलू लागली. तिला मध्येच तोडणं शक्यच नव्हतं. पावणेसहाला चिनात्सुनं फोन पाहिला. नवऱ्याचा निरोप तीन सत्तावन्नचा: “बैठक लांबली. जमत नाही. तू बघ.” त्याखाली केंद्राचे पाच चुकलेले कॉल.

गाडीवाल्यानं वीस मिनिटं वाट पाहिली होती, मग म्हातारीला स्वतः दारापर्यंत सोडलं होतं. “सून आतच आहे, झोपलीय,” असं शिगेबाई इतक्या खात्रीनं म्हणाल्या की तो निघून गेला. खाली गाडीत आणखी चार म्हातारे ताटकळत बसले होते.

चिनात्सु पायऱ्या धापा टाकत चढली. दार उघडं, घर रिकामं. ती शेजारच्या गल्लीत धावली, वरच्या कबरस्तानापर्यंत गेली, परत खाली आली. या वस्तीत निम्मी घरं ओस पडलेली. हाक मारली तर ओ द्यायलाही कुणी नाही. एका जिन्यावर तिला सासूबाईंची एक चप्पल सापडली. सासूबाई मेल्या असतील, आणि आपण मारलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिनं फोन केल्यावर आलेल्या पोलिसाला सातच्या सुमाराला त्या सापडल्या. एका कुलूपबंद घराच्या दाराशी, एक पाय अनवाणी, कपडे ओले, डावं मनगट विचित्र वळलेलं. बंद दाराला त्या सांगत होत्या, “तारली घ्या हो, ताजी तारली. अजून निम्मी टोपली उरलीय.”

इस्पितळात तात्सुरो येऊन पोचला. तो बायकोच्या शेजारीच उभा होता. डॉक्टर आले आणि त्यांनी तिला विचारलं, “सूनबाई, तुम्ही घरी नव्हता का?” पोलिसानं वही उघडली आणि तिला विचारलं, “त्या वेळी आपण कुठे होतात?” फुकुओकाहून नणंदेचा फोन आला, तो तात्सुरोच्या फोनवर आला आणि त्यानं तो बायकोच्या हातात दिला. “वहिनी, आईला एकटं टाकून कुठे गेला होता तुम्ही? झेपत नसेल तर तसं सांगायचं होतं.”

प्रत्येकाला चिनात्सुनं एकच उत्तर दिलं: “चूक माझी आहे.” तात्सुरो भिंतीवरच्या सूचना वाचत राहिला.

गुरुवारी ती शाळेत गेली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं दोन कागद ठेवले. एक कोरा अर्ज. दुसरा तिनं सकाळी लिहिलेला राजीनामा. चोवीस वर्षांच्या नोकरीला चार ओळी पुरल्या. लिहिताना ती रडलीही नाही. आतल्या खोलीत हाताला प्लास्टर घातलेल्या सासूबाई कण्हत होत्या.

दुपारी इवानागा बाई आल्या. कोणत्या म्हाताऱ्या माणसाला कुठली सरकारी मदत मिळेल, ते ठरवून देणं हे त्यांचं काम. साठीच्या बाई, पायऱ्या चढून आल्या की आधी एक पेला गार चहा पिणार, मग बोलणार. त्या दिवशी तात्सुरोही रजा घेऊन घरी होता. इवानागा बाईंनी चहा संपवला, टेबलावरचा राजीनामा न विचारता उचलून वाचला आणि पालथा ठेवला.

“बरं. पडल्याची नोंद करायची आहे. काल चारला कोण येणार होतं?”

“माझी चूक झाली,” चिनात्सु म्हणाली.

“मी चूक नाही विचारली. कोण येणार होतं?”

तात्सुरो म्हणाला, “मी.”

“मग नोंदीत तुमचं नाव लिहिते.” त्यांनी लिहिलंही. मग पिशवीतून एक जुना कागद काढून त्याच्यापुढे धरला. “हा चार वर्षांपूर्वीचा. घरात माणसं किती? चार. म्हातारीला सोडून तीन. काळजी घेणारी व्यक्ती? ‘सून’. त्याखाली दुसऱ्या व्यक्तीसाठी रकाना आहे. कोरा. तिसऱ्यासाठी आहे. तोही कोरा. हा कागद कोणी भरला होता?”

“मीच,” चिनात्सु म्हणाली.

“तेव्हा मी म्हटलं होतं, मुलाचं नाव घाला. तुम्ही काय म्हणालात आठवतं? ‘ह्यांना जमणार नाही.’ महिन्यातले चार दिवस म्हातारीला केंद्रात मुक्कामाला ठेवू म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, शेजारी काय म्हणतील. म्हणजे तुमचाही हातभार आहे यात. मी तुमची बाजू घेतेय असं समजू नका, तुमचंही ऐकून घेणार नाही.”

तात्सुरो हळू आवाजात म्हणाला, “मी हिला कधी अडवलं नाही. नोकरी कर म्हटलं, अर्ज कर म्हटलं. कधी आडवा आलो नाही.”

“नाही आलात. रस्त्याकडेचा दगडही आडवा येत नाही, बाजूला पडून असतो. फुकाहोरीसाहेब, ही तुमची आई आहे. तुम्ही बायकोला परवानगी देता आणि तुमच्या वाटणीचं काम तिच्याकडेच ठेवता. मग ती ‘नको’ म्हणते, आणि सगळे म्हणतात, बायकांना मोठ्या जागा नकोच असतात. माझ्याकडे अशी एकोणतीस घरं आहेत. एकोणतीसच्या एकोणतीस घरांत कुणी आडवं येत नाही. त्यातल्या सहा बायकांनी नोकरी सोडली.”

आतून सासूबाईंची हाक आली, “अगं, कुणी आहे का?” चिनात्सु सवयीनं उठली. इवानागा बाईंनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

तात्सुरो उठला आणि आत गेला. बराच वेळ आतून काही कळेना. मग कपाट उघडल्याचा आवाज, पाण्याचा आवाज, आणि म्हातारीचं ओरडणं, “मेल्या, कोण रे तू? हात लावू नको मला!” तात्सुरो दारात आला. त्याच्या हातात ओली चादर होती, बाह्या भिजल्या होत्या आणि चेहरा पांढरा पडला होता.

“कोरडा जांघिया... तो कुठे ठेवतेस?”

“डावीकडच्या खणात.”

“आणि आई रोज अशी ओरडते?”

“रोज.”

तो चादर तशीच हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, “चार वर्षं झाली आणि मला खण माहीत नाही.” आणि तो माणूस, ज्याला बायकोनं वडिलांच्या अंत्यविधीलाही रडताना पाहिलं नव्हतं, दाराच्या चौकटीला टेकून रडला.

शुक्रवारी सकाळी त्यानं आपल्या साहेबांपुढे अर्ज ठेवला: आईच्या सेवेसाठी रजा, आणि ती संपल्यावर रोज सकाळी उशिरा येण्याची सवलत. साहेब कागदाकडे पाहून म्हणाले, “काय हो, घरी बायको नाही का?”

“आहे. तिला नोकरी आहे.”

“आपल्या विभागात हे आजवर कुणी मागितलेलं नाही.”

“मीही मागितलं नव्हतं,” तात्सुरो म्हणाला. “तीच चूक झाली.”

त्याच दिवशी दुपारी चिनात्सुनं राजीनामा घरीच ठेवून परीक्षेचा भरलेला अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. कामात येणाऱ्या घरगुती अडचणींच्या जागी तिनं लिहिलं होतं: “सासूबाईंची सेवा आहे. आम्ही घरातले तिघे ती वाटून करतो. आठवड्यातून दोन दिवस मी साडेसहाला शाळा उघडू शकणार नाही. त्या दिवशी दुसऱ्या कुणी उघडावी.”

मात्सुकुमा सरांनी चष्मा काढला. “हे वाक्य तुमच्या विरुद्ध जाईल. खोडता का?”

“राहू दे सर. खोटं लिहून मिळालेली जागा मला टिकवता येणार नाही.”

सगळं लगेच सुरळीत झालं नाही. तात्सुरोनं पहिल्याच आठवड्यात पेज करपवली आणि म्हातारीला उलटा झगा घातला. कोतोनेनं रविवार आपल्याकडे घेतला आणि दर रविवारी कुरकुर केली. शेजारणीही बोलल्या: नवरा धुणी वाळत घालतोय, बाई मात्र साहेबीण व्हायला निघाल्या. हिवाळ्यात निवडलेल्यांची यादी लागली, त्यात फुकाहोरी बाईंचं नाव नव्हतं. ते वाक्य खरंच विरुद्ध गेलं होतं. त्या ट्रामच्या थांब्यावर बसून रडल्या, आणि तीन ट्राम तशाच जाऊ दिल्या. पण खोली वाचली. जाण्याआधी मात्सुकुमा सरांनी त्या खोलीला शाळेच्या वार्षिक आराखड्यात कायमची जागा देऊन टाकली. पुढच्या जुलैत बाईंनी अर्ज स्वतः मागून घेतला, तेच वाक्य पुन्हा लिहिलं, आणि त्या निवडल्या गेल्या.

त्याच सुमाराला कारखान्यात दुपारच्या सुट्टीत ओडा नावाचा पन्नाशीचा मुकादम तात्सुरोच्या टेबलापाशी आला. इकडंतिकडं बघून त्यानं विचारलं, “फुकाहोरी, ती रजा कशी मागायची असते? माझे वडील... म्हणजे तीन वर्षं माझी बायकोच बघतेय. काल ती जेवता जेवता ताटावरच झोपली.”

तात्सुरोनं खुर्ची ओढून त्याला बसवलं आणि कोरा अर्ज काढला.

वाचकहो, आपल्या घरातली बाई बढतीचा अर्ज घरी आणते तेव्हा आपण मोठ्या मनानं म्हणतो, ‘तुझा निर्णय तू घे.’ पण जिच्या एकटीच्या खांद्यावर सगळं घर आहे, तिच्यापुढे निर्णय घ्यायला उरतंच काय? तिला आपली परवानगी नको आहे. म्हाताऱ्या आईची ओली चादर आपण बदलायला हवी आहे. तेवढं केलं, तर अर्ज करायचा की नाही हे ती खरोखर स्वतः ठरवू शकेल. आज घरी गेल्यावर एवढं तरी बघा, आपल्या आईचे कोरडे कपडे कोणत्या खणात असतात ते आपल्याला माहीत आहे का.