हळदीच्या पाच जणी

"हसू नको. सेट होऊ दे आधी."

मंगलनं दटावलं तसे संस्कृतीनं ओठ मिटले, पण डोळे हसतच राहिले. मंगलनं तिच्या चेहऱ्यावर दुरून स्प्रे मारला, हातानं वारा घातला, मग कानात मोगऱ्याचे डूल अडकवले. बाहेर मांडवात बायकांची गडबड चालली होती. लग्न उद्याचं, हळद आजची. नवरदेवाची हळद उरकून त्याच्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन जीपनं निघाल्याचा फोन मघाशीच येऊन गेला होता.

केजला बसस्टँडच्या मागं मंगलचं पार्लर आहे आणि तिथला सगळा कारभार या एका शब्दावर चालतो. साडी सेट करायची, केस सेट करायचे. भाड्यानं द्यायचा तो मोत्यांचा सेट, हळदीला घालायचा तो फुलांचा सेट. तारीख पक्की झाली की ती सेट झाली आणि नोकरीवाला नवरा मिळाला की पोरगीच सेट झाली. इंग्रजांनी हा शब्द कशासाठी काढला होता देव जाणे, केजच्या बायकांनी त्याला पार संसाराला जुंपलं. मंगलच्या बाबतीत मात्र तो कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही.

लग्नानंतर वर्षाच्या आतच नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि तिकडं दुसरीबरोबर संसार मांडला. फारकत झाली नाही, नांदायचं बोलावणंही आलं नाही. केजात हे कुणाला ठाऊक नव्हतं. गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि मालक पुण्याला कंपनीत असतात म्हटलं की पुढं कुणी विचारत नसे. टाकलेल्या बाईच्या हातून नवरी सजवून घेणार कोण? उलट तिचा हात गुणाचा म्हणून बोलबाला झाला होता. हळदीला पाच सवाष्णींत एखादी कमी पडली की हाक यायची, "मॅडम, या की." अशा कितीतरी परक्या पोरींच्या गालाला तिनं हळद लावली होती.

या घरात मात्र सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. हे तिचं माहेर, भावाचं, रामेश्वरचं घर. रामेश्वर आणि त्याची बायको मनिषा दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. त्यांची लेक संस्कृती शाळेत जायला लागली तशी ते तिला मंगलकडं ठेवून जाऊ लागले. पार्लरच्या मागच्या खोलीत आत्या आणि भाची एका गोधडीत झोपायच्या. पोरगी तापली की मंगल रात्र रात्र उशाशी बसायची. उन्हाळ्याच्या तोंडाला टोळी परत आली की पोरगी आईकडं जायची आणि ती खोली मंगलला खायला उठायची. लोक दिवाळीची वाट फराळासाठी बघतात, मंगल पोरीसाठी बघायची.

म्हणून तिला संस्कृतीला हळद लावायची होती. या लग्नात तिला दुसरं काही नको होतं. मनिषा आपणहून म्हणेल, याची ती महिनाभर वाट बघत होती.

"आत्या, पैली हळद तूच लावायची," संस्कृती आरशातून तिच्याकडं बघत म्हणाली. "मी मम्मीला सांगितलंय."

"मग काय म्हणली?"

"काय न्हाई म्हणली."

एवढ्यात मनिषाच दारात आली. पोरीचं रूप बघून तिचे डोळे भरून आले. मग तिनं नजर मंगलकडं वळवली आणि लगेच खाली घातली.

"आक्का, पाच जणी झाल्यात. भावकीतली वत्सलाबाई हाय, माज्या दोगी भावजया हायत, शेजारच्या दोगी हायत. तुमाला हितं लई काम, म्हणून तुमाला न्हाई धरलं."

"बरं केलंस," मंगल म्हणाली.

संस्कृतीनं आईशी भांडायला तोंड उघडलं. मंगलनं तिची हनुवटी धरून चेहरा सरळ केला आणि टिकली लावली. ती वाकडी बसली, म्हणून दुसऱ्यांदा लावावी लागली.

पाहुण्या बायका आल्या. सगळ्यांत पुढं नवरदेवाची चुलती चंद्रभागाबाई, हातात हळदीची वाटी. संस्कृतीला पाटावर बसवलं, औक्षण झालं. वत्सलाबाई पदर खोचून पुढं सरकली, तोच चंद्रभागाबाईची नजर मागं उभ्या असलेल्या मंगलवर पडली.

"अगं बया, ह्या मॅडम हितं कशा? लिंबागणेशच्या लग्नात आमच्या पुतणीला ह्यांनीच हळद लावल्ती. लई गुणाचा हात हाय."

"माझी आत्या हाय ती," संस्कृती पटकन म्हणाली.

"आत्या? मग तर बघायलाच नको. या मॅडम, पैली तुमीच लावा."

बायकांनी मंगलला वाट करून दिली. ती पुढं गेली आणि पाटासमोर बसली. संस्कृतीनं डोळे मिटून गाल पुढं केला. मंगलनं वाटीकडं हात नेला. आता अडवणारं कुणी नव्हतं, कारण अडवायचं तर पाहुण्यांपुढं कारण सांगावं लागलं असतं.

तेवढ्यात तिला मनिषा दिसली. ती खांबाला धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. ती देवाचा धावा करत होती. मनिषा काही दुष्ट बाई नव्हती. ही पोरगी पोटात असताना तिनं उसाच्या मोळ्या वाहिल्या होत्या आणि या पोरीच्या बाबतीत ती सगळ्यालाच भ्यायची. आज ती मंगलच्या हाताला भीत होती.

मंगलनं हात मागं घेतला.

"माज्या हाताला स्प्रे लागलाय," ती म्हणाली. "हळदीत उतरला तर पोरीच्या तोंडावर पुरळ यील. तुमी लावा, वत्सलाबाई."

"मग धुवा की हात," चंद्रभागाबाई म्हणाली. "आमी थांबतो."

"ते धुऊन जात न्हाई, बाई."

संस्कृतीनं डोळे उघडले. आत्या खोटं बोलते आहे हे तिला कळलं होतं आणि तिचे डोळे डबडबले.

"रडू नको, काजळ पसरंल," मंगल म्हणाली आणि उठून आत गेली.

बाहेर हळदीचं गाणं सुरू झालं. खोलीत मंगल एकटीच होती. तिनं ब्रश पुसायला घेतले, पिना डबीत भरल्या. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, पण राग नेमका कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

पाहुण्या जेवायला बसल्यावर मनिषा ताट घेऊन आत आली. तिनं ताट मंगलपुढं ठेवलं, पदर सावरला आणि एकदम वाकून तिच्या पाया पडली.

"आक्का, तुमी माज्या लेकराला वाचवलं," ती म्हणाली. ती अगदी मनापासून बोलत होती. त्यात खोट काढायला काही जागाच नव्हती.

मंगलनं ताट पुढं ओढलं, वरण-भात कालवला आणि एक घास घेतला.

"वरणात मीठ कमी हाय," ती म्हणाली. "पाव्हण्यांच्या पंगतीत वाढून ये आधी."

मनिषा लगबगीनं मीठ घेऊन पंगतीकडं गेली. मंगल तसंच अळणी जेवत राहिली.